पांढरा दगड म्हणतो

कानीसेव
१२ नोव्हेंबर १९९३

नूरी खालो, सलाम.

फरमानची पिकअप उद्या सुलेमानीला येते आहे, तिच्याबरोबर हे पत्र पाठवते. आई असती तर तिनेच लिहिलं असतं. ती म्हणायची, माझा भाऊ दगडालाही गायला लावेल. सध्या दगडांचंच काम आहे.

गाव पुन्हा वसलं आहे. घरांवर छपरं चढली, शाळेच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, आणि पगार येवो न येवो, मी मुलांची मामोस्ता होऊन शिकवते आहे. पण डोंगर अजून आमचे नाहीत. सीमेवरच्या लढाईत दोन्ही देशांची सैन्यं आठ वर्षं इथे सुरुंग पेरत होती. शरदात आमच्या गुराख्याचा पाय गेला. आता सुरुंग काढणारी माणसं आली आहेत. ओढ्याकाठून कामाला लागली आहेत. साफ झालेल्या जमिनीच्या कडेला पांढरे दगड लावतात, न झालेल्या जमिनीला लाल.

त्यांनी मुलांना समजावून सांगितलं, कवटीचं चित्र दाखवलं. छोटी दिलसोज म्हणाली, "मामोस्ता, हे घरी नेऊ का? उशाशी लावीन." शाळेशेजारच्या हपसाचा रेबीन, एकुलता एक आणि वर्गात सगळ्यात वाचाळ, म्हणाला, "सुरुंग चावतो का?" मी म्हटलं, चावतो. "मग आमच्या कुत्र्याला पुढे पाठवतो. तोपण चावतो."

दुपारी विचारलं तर अर्ध्या मुलांनी लाल म्हणजे जा असं सांगितलं. पाच-सहा वर्षांची पोरं आहेत. पण अंगाईगीतं मात्र शब्दन् शब्द पाठ. म्हणून मागते आहे. तुम्ही आयुष्यभर शिक्षकांना संगीत शिकवलंत. मला एक गाणं द्या, दोन ओळींचं का असेना. वसंतात बर्फ वितळलं की सगळी पोरं कंगरची रानभाजी खुडायला डोंगराकडे धावतील. त्याआधी हवं.

तुमची
चिमन


सुलेमानी
३० नोव्हेंबर १९९३

चिमन, माझ्या जिवा,

सोबत कॅसेट आहे. आवाज माझा आहे, तेव्हा मुलांना आधीच सांग की बोकड नाही, माणूस गातो आहे.

खरं सांगतो, तुझं पत्र आल्यावर काही सुचेना. मोठ्यांसाठी चाल बांधणं सोपं, ते लाजेखातर तरी डोलतात. मग एका सकाळी शेजारच्या अंगणातून आवाज आला. खेड्यातून आलेली एक बाई तिथे राहते. तीन काठ्यांच्या तिवईला कातडी मशक टांगून ती एकटीच दही घुसळत होती. ढकलायची, ओढायची. ढकलायची, ओढायची. म्हटलं, सापडली. ही लय तुमच्या पोरांच्या अंगात दुधाबरोबरच गेलेली आहे. त्यावर शब्द ठेवले की झालं.

लाल दगड म्हणतो, मागे फीर, मागे फीर
पांढरा दगड म्हणतो, ये रे ये, ये रे ये

ऐकशील तेव्हा लक्ष दे. लाल ओळ खाली उतरते आणि छातीवर येऊन बसते. पांढरी वर चढते. ती म्हणताना पोराची टाच आपोआप उचलली जाईल. ते मी मुद्दाम केलं आहे.

शिकवताना अर्थ सांगत बसू नकोस. आधी नुसतं डोलायला लाव, मग गुणगुणायला, मग शब्द, आणि शेवटी दगड. समजावलेलं दुपारपर्यंत टिकतं हे तू पाहिलंसच. अंगात गेलेलं जन्मभर जात नाही. पायाआधी ओठ हलले पाहिजेत, एवढंच बघ.

तुझा खालो
नूरी


कानीसेव
२० फेब्रुवारी १९९४

नूरी खालो, सलाम.

बर्फामुळे रस्ता बंद होता, म्हणून उशीर. कॅसेट झिजली तरी चालेल आता, गरज उरली नाही. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. पहिल्या दिवशी रेबीन म्हणाला, "हा म्हातारा आमच्या आजीची मशक चोरून गेला." आठवड्यात सगळ्या वर्गाच्या तोंडी झालं. आता बायका लोणी काढताना हेच म्हणतात. इमामांची बायको कुजबुजली, "मामोस्ता, नमाजातसुद्धा डोक्यात तेच येतं हो, काय करू?"

मी अंगणात रंगवलेले दगड मांडले आणि एकेकाला पाठवलं. एकही चुकला नाही. लाल दिसला की ओठ हलतात आणि पाय मागे. पांढरा दिसला की ओठ हलतात आणि पाय पुढे. सुरुंग काढणाऱ्यांचा मुकादम बघत उभा होता. म्हणाला, "आमची नवी पोरं एवढं ऐकत नाहीत."

वाईट बातमी म्हणजे गावात गोवर आला आहे. रेबीनला जास्त आहे. परवा बघायला गेले तर तापात बरळतानाही त्याचं तेच चाललं होतं, ये रे ये, ये रे ये. हपसानं टेकडीवरच्या पीर दाऊदला नवस बोलला आहे. पोर उठलं तर दर्ग्याचे दगड चुन्यानं पांढरेशुभ्र करीन म्हणून. तुम्ही शहरातली माणसं हसाल. मला हसू आलं नाही. तो नसला की वर्गात शांतता असते, आणि ती मला आवडत नाही.

चिमन


सुलेमानी
१० मार्च १९९४

चिमन, माझ्या जिवा,

तुझं पत्र मी आमच्या अध्यापक संस्थेतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. बायकोला दोनदा दाखवलं. ती म्हणाली, पुरे आता, चहा निवतो आहे.

तुमच्या मुकादमानं वरपर्यंत सांगितलेलं दिसतं. सुरुंग काढणाऱ्यांच्या कचेरीतून दोघे जण घरी आले होते. सीमेवरच्या सगळ्या खेड्यांसाठी त्यांना हे गाणं हवं आहे. कॅसेट काढणार, जिथे शिक्षक आहे तिथे वाटणार. चाळीस वर्षं शिकवलं, चिमन, पण माझं काही कुणाचा जीव वाचवील असं कधी वाटलं नव्हतं. या वयात छाती फुगते, ते बरं नव्हे, पण फुगते.

हपसाच्या मुलाचं कसं आहे? माझ्यावर मशकचोरीचा आळ घेणाऱ्याला मला भेटायचं आहे. नवरोजला जमलं तर येईन.

नूरी


कानीसेव
२४ एप्रिल १९९४

नूरी खालो,

कॅसेट निघाल्या नसतील तर थांबवा. कृपा करून थांबवा.

रेबीन गोवरातून उठला होता. नवरोजला आगीवरून उडी मारली त्यानं. या महिन्याच्या सुरुवातीला कंगर खुडायला गेला आणि पीर दाऊदच्या टेकडीवर सुरुंगावर पाय पडला. ती टेकडी साफ झालेली नव्हती. दिलसोज मागे होती. ती वाचली. तिला पेंजवेनच्या दवाखान्यात ठेवलं आहे.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. एकदा शिकवलेली चाल मुलांना विसरायला कशी लावतात?

चिमन


सुलेमानी
३ मे १९९४

चिमन, बाळा,

काय लिहू. त्याच्या आईला काय सांगणार आपण. अल्लाह तिला बळ देवो. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण त्या मशकवाल्या वाक्यानं तो माझ्या ओळखीचा झाला होता.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. घरात मृत्यू झाला की गाणं बंद होतं. तुझी आई गेली तेव्हा मी वर्षभर ऊद वाजवायला खुंटीवरून काढला नाही. पण हे लग्नातलं गाणं नव्हे. दुःख पाळायचं म्हणून तू हे गाणं बंद केलंस तर उद्या दुसरं पोर जाईल. उलट आता जास्त म्हणवून घे. रेबीन तापातून नुकता उठलेला, अशक्त, खेळाच्या नादात विसरला असेल. बाकीच्यांनी विसरू नये.

आणि चाल विसरायला लावता येत नाही. मला तरी ते कुणी शिकवलेलं नाही.

कॅसेट गेल्या आठवड्यातच रवाना झाल्या. इथे आपल्याच दोन पक्षांमध्ये गोळीबार सुरू झाला आहे, रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. पत्र लवकर पोचो.

नूरी


कानीसेव
११ जून १९९४

नूरी खालो,

तो विसरला नव्हता. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले. तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचलं आणि वाटलं की खोटं आहे तसंच राहू द्यावं. पण कॅसेट गेल्या आहेत, तेव्हा ऐका.

नवरोजच्या आदल्या दिवशी हपसा सासऱ्याबरोबर दर्ग्यावर गेली. म्हाताऱ्याला वर जायची जुनी पाऊलवाट माहीत आहे, पडक्या बांधाला धरून, एकामागे एक. मोठी माणसं तेवढ्याच वाटेनं जातात, इकडेतिकडे पाय टाकत नाहीत. तिनं दर्ग्याभोवतीचे दगड रंगवले. बादलीत चुना उरला. पीरासाठी नेलेलं कुणी घरी परत आणत नाही, ओतूनही देत नाही. तेव्हा उतरताना ती वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड रंगवत आली. वाटेवरून वाकून हात पोचेल तिथपर्यंत, बादली रिकामी होईपर्यंत.

खालून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. नवरोजच्या उन्हात टेकडी चमकत होती. बायका म्हणाल्या, हपसानं नवस फेडला. मीही म्हटलं, छान दिसतं. मोठ्या माणसाला चुना म्हणजे नवस. मुलांना तेवढं कुठलं माहीत? त्यांना मी शिकवलेलं माहीत.

दिलसोजचा डावा हात कोपरापासून गेला आहे. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "मामोस्ता, आम्ही आधी म्हटलं. मग पाय टाकला. तुम्ही सांगितलं होतं तस्संच." तिला वाटत होतं मी रागावेन. रेबीन पुढे होता. प्रत्येक दगडाशी थांबून दोघांनी पूर्ण ओळ म्हटली. वाटेपासून हातभर आत असलेल्या दगडाशीही म्हटली. त्यांची चूक झाली नाही, खालो. त्यांनी धडा बरोबर म्हटला.

गाव हपसाला बोल लावतं. नळावर ती आली की बायका हंडे उचलतात. नवरा पेंजवेनला कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. तिला स्वतःलाही वाटतं की आपल्या चुन्यानं मारलं. गाण्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. मीही काढलेलं नाही.

ते दगड अजून तिथेच आहेत. पुसायला वर कोण जाणार? मुलांना रोज सांगते, पीराच्या टेकडीवरचे पांढरे वेगळे. माना हलवतात. काल मी न सांगता अंगणात एक चुन्याचा दगड ठेवला आणि खिडकीतून पाहत राहिले. पहिला आला, ओठ हलले, टाच उचलली गेली. दुसऱ्याची उचलली गेली. सगळ्यांची.

नवसाचं मी तुम्हाला फेब्रुवारीत लिहिलं होतं. तुम्ही वाचलं होतंत. दोघांनाही दिसलं नाही.

मला विसरायला लावायचं कसं ते सांगा. नाहीतर दुसरं काही द्या. पुढच्या वसंताआधी द्या.

चिमन


सुलेमानी
५ सप्टेंबर १९९४

चिमन,

तुझं पत्र मला जुलैत मिळालं. त्यानंतर बरेच दिवस मी ताटावरून तसाच उठायचो. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, दात दुखतो.

मी पांढरी ओळ वर चढवली. ती सरळ ठेवली असती तर पोरं त्या दगडाशी क्षणभर घुटमळली असती. यावर आता बोलत नाही.

चाल पुसता येत नाही. तिला वळवता येईल, असं मला वाटतं. शेजारीण मागे एकटीच घुसळायची. आता तिची बहीण आली आहे. दोघी समोरासमोर बसतात. एक ढकलते आणि थांबते, दुसरी परत पाठवते. पलीकडे कुणी नसेल तर मशक परत येत नाही. मी ते सोडून एकटीचं घुसळणं उचललं होतं, कारण कॅसेटवर एकच आवाज होता, माझा. हे बघ:

लाल दगड म्हणतो, मागे फीर, मागे फीर
पांढरा दगड म्हणतो, थांब जरा, हाक मार
येऊ का? येऊ का?

इथे गाणं तुटतं. चाल मुद्दाम अधांतरी सोडली आहे, मुलाला ती एकट्यानं संपवताच येणार नाही. "ये रे ये" हे दगडाच्या तोंडून काढून माणसाच्या तोंडी दिलं आहे. मोठ्या माणसानं उत्तर दिलं तरच पाय हलवायचा. आणि एक नियम कटाक्षानं पाळ. उत्तर पलीकडून यायला हवं, जो आधीच त्या जागी उभा आहे त्याच्याकडून. मागून दिलेलं उत्तर धरायचं नाही. मागच्याला पुढचं काय माहीत? ते तर तू आणि मी दाखवून दिलंच आहे.

ऑगस्टमध्ये गोळीबार थांबला तेव्हा मी कॅसेट गेलेल्या खेड्यांत हिंडलो. मुकादमाला सगळं सांगितलं, त्यानं गाडी दिली. पोरांना नवीन ओळ म्हणून दाखवली. ती हसायला लागली. एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येत नाही. बसा, आम्ही शिकवतो." आणि सगळ्यांनी मिळून मला माझं जुनं गाणं शिकवलं. एकही सूर चुकला नाही. इतकं चांगलं ते मी स्वतःही कधी म्हटलं नव्हतं.

एका गावात बायकांनी मनावर घेतलं, तिथे नवी ओळ रुजते आहे. बाकीच्यांत नाही. पुन्हा जाईन. रस्ते उघडे राहिले तर.

हपसाला तू सांगायला हवंस. मी सांगतो असं म्हणणार होतो, पण तिच्या अंगणात उभं राहायचं मला धाडस नाही.

नूरी


कानीसेव
१८ डिसेंबर १९९४

नूरी खालो, सलाम.

तुम्ही पुन्हा निघालात आणि वाटेत अडकलात असं फरमाननं सांगितलं. जिथे असाल तिथे हे पत्र मिळो.

सप्टेंबरच्या अखेरीस मी हपसाकडे गेले. ती एकटीच मशक घुसळत होती. सहा महिने तिच्यासमोर कुणी बसलं नव्हतं. मी समोर बसले. तिनं ढकललं, मी परत पाठवलं. बराच वेळ तसंच चाललं. मग मी सांगितलं. दिलसोज काय म्हणाली ते, टाचेचं, सगळं. तिनं मशक दोन्ही हातांनी धरून थांबवली. मला वाटलं आता अंगावर येईल. ती म्हणाली, "म्हणजे तो म्हणत होता?" मी म्हटलं, हो. "शेवटपर्यंत?" हो. मग तिनं मशक जोरात ढकलली, माझ्या छातीवर आदळली. मी परत पाठवली. लोणी येईपर्यंत आम्ही तशाच घुसळत राहिलो.

तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्याकडे जाते. गावानं दोनचार दिवस बघितलं. मग इमामांच्या बायकोनं मला शाळेच्या दारात गाठलं, "मामोस्ता, त्या घरात जाऊन मुलांसमोर उभ्या राहता?" मी तिलाही सांगितलं आणि नळावर सगळ्यांना सांगितलं. एका बापानं मुलगा शाळेतून काढला. दोन बायका आता माझ्याकडे बघूनही हंडे उचलतात.

नवीन गाणं मी मशकेवर शिकवलं. अंगणात टांगली आणि दोन-दोन मुलं समोरासमोर बसवली. आधी नुसतं ढकलणं आणि थांबणं. पलीकडून आल्याशिवाय ढकलायचं नाही. शब्द मागाहून. दोन महिने लागले. काहींच्या तोंडी अजून मधेच जुनी ओळ येते. आली की दिलसोज उजव्या हातानं त्यांच्या तोंडावर चापट मारते. मी तिला अडवत नाही. हपसाला म्हटलं, मोठ्या माणसाचं उत्तर तू दे. तिनं नाही म्हणून मान हलवली. ते शब्द ती म्हणत नाही.

परवा पहिलं बर्फ पडलं. पीराच्या टेकडीवरचे दगड त्याखाली गेले. मार्चमध्ये पुन्हा वर येतील.

शाळा सुटायच्या वेळी दार उघडलं तर उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत सगळं पांढरं. मुलं बाहेर पडेनात. उंबऱ्याशी गर्दी करून उभी राहिली, आणि कुणी सुरू केलं कळलं नाही, सगळ्यांनी म्हटलं. थांब जरा, हाक मार. येऊ का? येऊ का?

मी खोलीत होते, त्यांच्या मागे. मी म्हटलं, "अरे बर्फ आहे नुसतं, जा." एकही पाय हलला नाही. दिलसोज वळून म्हणाली, "मामोस्ता, तुमचं चालत नाही. तुम्ही मागे आहात." बाहेर पडायला दुसरं दार नाही आणि त्यांना ढकलून पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. चाल तशीच अधांतरी राहायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. समोर कुणी नव्हतं.

हपसा तिच्या छपरावर फावड्यानं बर्फ ओढत होती. तिनं ऐकलं. फावडं थांबलं, पुन्हा चालू झालं, पुन्हा थांबलं. मग ती खाली उतरली आणि अंगण ओलांडून आली. गुडघाभर बर्फातून, एकेक पाय दाबून, शाळेच्या भिंतीपर्यंत. दारापासून चार पावलांवर उभी राहिली. मुलांनी म्हटलं, येऊ का? येऊ का?

ती म्हणाली, "ये रे ये."

 पहिला मुलगा तिच्या पावलाच्या खड्ड्यात पाय ठेवत गेला. बाकीचे थांबून राहिले. एकदा दिलेलं उत्तर एकालाच पुरतं असं मुलांनी आपसात ठरवून टाकलं आहे. तेव्हा तिला प्रत्येकासाठी म्हणावं लागलं. एकेक येत गेला, तिला ओलांडून घराकडे गेला. शेवटी दिलसोज. रिकामी बाही बर्फावर घासत गेली.

सगळी गेल्यावर हपसा हलली नाही. उंबऱ्याकडे बघत उभीच राहिली. खोलीत मी होते, पण मी काही विचारलं नव्हतं. तिची नजर माझ्यावर नव्हती, उंबऱ्यावर होती, पोराच्या उंचीवर.

तिनं पुन्हा एकदा म्हटलं.

चिमन